सूचनाकाकांचा तक्ता

सूचनाकाकांचं खरं नाव त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. "ज्याला धड दिसत नाही तोच इथे येतो, तो पाटी काय वाचणार?" असं त्यांची थोरली बहीण आक्का म्हणायची. हे दुसरं नाव पडलं ते वॉर्डाच्या सभांमुळे. सभा संपत आली, लोक खुर्च्या सरकवायला लागले, की मागच्या रांगेतून एक उंच, खांद्यात जरासा वाकलेला माणूस उभा राहायचा. चष्मा काढून रुमालाने पुसायचा, पुन्हा लावायचा आणि म्हणायचा, "माझी एक सूचना आहे."

ती एक कधीच नसायची. पाणी ज्याने जितकं वापरलं तितक्याचे पैसे घ्या, पण सोडा मात्र वेळेवर. बाजारातले गाळे लिलावाने द्या, मेव्हण्यांना वाटू नका. रस्ता एकदाच खणा, तीन खात्यांनी तीनदा नको. माणूस कोण आहे ते बघू नका, नियम काय आहे ते बघा. हे शेवटचं त्यांचं फार आवडतं होतं. सत्तेतले लोक त्यांना विरोधकांचा माणूस समजत आणि विरोधक त्यांना सत्तेतल्यांचा. निवडणुकीत दोन्हीकडचे कार्यकर्ते त्यांच्या दारावरून पत्रक न देताच पुढे जात. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट थोडा अभिमानच होता.

दुकान बोळासारखं अरुंद आणि लांब. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मधे काचा घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी पडायची सोय, आणि अगदी मागच्या भिंतीवर दिव्याखाली डोळे तपासायचा तक्ता. कंपनीचा छापील तक्ता ओल लागून खराब झाला तेव्हा काकांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर स्वतःच ब्रशने अक्षरं काढली. हात चांगला होता. मापं बिनचूक होती. वरची ओळ मोठी, मग उतरत उतरत सगळ्यात खालची मुंगीएवढी. फक्त एक गोष्ट त्यांनी केली, जी करायची नसते. हा धंदा शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगतात की तक्त्यावरच्या अक्षरांना अर्थ असता कामा नये, कारण अर्थ लागला की माणूस वाचत नाही, अंदाज करतो. काकांच्या तक्त्याला अर्थ होता.

पाणी
वेळेवर सोडा
टँकर कुणाचे ते सांगा
गाळ्यांचा लिलाव करा, वाटप नको

आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढं: निवडून आलेला पुढे जातो, वॉर्ड तिथेच राहतो.

सभेत जे कुणी ऐकून घेत नसे ते इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक डोळा झाकून मोठ्याने वाचावं लागे. दुकानात बसलेले हसत. कुणी म्हणे, "काका, मला खालची ओळ दिसत नाही, पण पटली." नगरसेवकाचे स्वतःचे टँकर होते. तो एकदा चष्मा करायला आला, तिसऱ्या ओळीपाशी थांबला आणि म्हणाला, "इथून पुढे अंधुक आहे." काका म्हणाले, "असणारच, साहेब." ही गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर सांगितली.

संध्याकाळी दुकानात एक माणूस ठरलेला असायचा. चाकाशेजारच्या स्टुलावर भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायचा. तो काकांचा शाळेतला मित्र. पाणीखात्यात चावीवाला होता. पहाटे उठून रस्त्यातल्या खड्ड्यांवरची झाकणं उघडायची, हातभर लांब लोखंडी चावीने आतलं चाक फिरवायचं आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. टाकीत पाणी शुद्ध करायचं औषध टाकायचं कामही त्याच्याकडेच होतं. टाकीच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात तो आणि त्याची बायको राहत. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती.

"सोडा म्हणे वेळेवर!" चावीवाला तक्त्याकडे हात करून म्हणायचा. "अरे, वरून टाकीत आलं तर मी सोडणार ना? मी काय खिशातून सोडू?"

"तुला नाही म्हटलेलं. खात्याला म्हटलंय."

"खातं म्हणजे कोण? पहाटे रस्त्यावर शिव्या कोण खातो, खातं का मी?"

आतून आक्का ओरडायची, "दोघांनाही खायला दुसरं काही नाही का? चहा टाकलाय." दुकानाच्या मागेच घर होतं, मधे फक्त पडदा. आक्काने लग्न केलं नव्हतं आणि काकांची बायको लवकर गेली होती, त्यामुळे त्या घरात बोलणारी माणसं दोनच, आणि त्यांतली एक सदा सभेला गेलेली. आक्का म्हणायची, चावीवाला येतो म्हणून या घरात हसू ऐकू येतं.

पाणीखात्याचा नियम असा होता की टाकीवरच्या माणसाने दरवर्षी डोळे तपासल्याचा दाखला द्यायचा. दाखला द्यायचा परवाना त्या भागात काकांकडेच होता. काकांनी न तपासता कधी शिक्का मारला नव्हता, मित्रालाही नाही. दरवर्षी चावीवाला खोटं खोटं ताठ उभा राहायचा, "पाणी! वेळेवर सोडा!" असं कवायतीसारखं ओरडायचा, आणि दोघं हसत सुटायचे.

त्या वर्षी तो आला तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ होती. काकांनी त्याला जमिनीवरच्या खुणेच्या पट्टीवर उभं केलं, डाव्या डोळ्यावर धरायला पुठ्ठा दिला आणि स्वतः काठी घेऊन तक्त्यापाशी गेले.

"वाच."

"पाणी," चावीवाला म्हणाला.

काकांची काठी वरच्या ओळीवरच राहिली. ती पुढे सरकवायचं त्यांना सुचलं नाही.

"वेळेवर सोडा. टँकर कुणाचे ते सांगा." चावीवाला वाचत राहिला. चौथ्या ओळीला त्याने डोळा बारीक केला. शेवटच्या ओळीला तो मान पुढे काढून जरा अडखळला, जसं सगळेच अडखळतात. "निवडून आलेला... पुढे जातो... वॉर्ड... तिथेच राहतो. झालं? मार शिक्का."

गल्लीतले दिवे दिवसभर जळतात आणि अंधार पडला की विझतात, म्हणून काकांनी दुपारीच नवा तक्ता रंगवून लावला होता. वरच्या ओळीत हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दिवे'. खाली 'रात्री लावा'. त्याच्या खाली 'दिवसा विझवा'. रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता.

"मी आज तक्ता बदललाय," काका म्हणाले.

चावीवाल्याने डोळ्यावरचा पुठ्ठा हळूच खाली घेतला. चाकावर पाण्याचा थेंब पडत होता तेवढाच आवाज.

"कधीपासून दिसत नाही?" काकांनी विचारलं.

"हळूहळूच. मधोमध डाग आल्यासारखं होतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "बरंच आहे म्हणा. बोलणं तसंही ऐकूच येतं."

"मागच्या वर्षी?"

"वरच्या दोन ओळी दिसत होत्या."

"आणि खालच्या?"

"रोज संध्याकाळी इथे बसतो रे मी. बहिरा थोडाच आहे? सगळा वॉर्ड ओरडून ओरडून वाचतो. झोपेत विचारलंस तरी म्हणेन."

काका तक्त्याला पाठ लावून उभे राहिले. मागच्या वर्षी याच पट्टीवर, याच दिव्याखाली त्यांनी हसत हसत शिक्का मारला होता.

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू काय केलं असतंस? तुला मी ओळखत नाही का?" मग तो जवळ आला, काकांच्या कानाकडे बघत बोलायला लागला. "हे बघ, थोडीच वर्षं राहिलीत. पहाटे ही येते माझ्याबरोबर. बॅटरी धरते. झाकणं मला पायाला कळतात, चाक हाताला कळतं. औषधाचं माप ती बघते. भांड्यावर रेघ आहे, तिथपर्यंत भरते, मी ओततो. आजवर कुणाला काही झालं का?"

"आणि वहिनी एखाद्या दिवशी आजारी पडल्या तर?"

"नाही पडत."

"अरे, सगळा वॉर्ड ते पाणी पितो!"

"मला माहीत आहे. मीच सोडतो."

"मग मी कसा शिक्का मारू?"

"हातानेच मारतोस ना? मागच्या वर्षी मारलास तसा." हे तो रागाने नाही, अजिजीने म्हणाला. "घर जाईल रे माझं. नोकरी गेली की दोन्ही खोल्या गेल्या. म्हातारपणी हिला घेऊन कुठे जाऊ? जावयाच्या दारात?"

काकांनी शिक्का मारला नाही. "आधी डोळे दाखवू," म्हणाले. "मोठ्या इस्पितळात. मी येतो."

पडद्यामागे आक्का उभी होती. चहाचे दोन कप तिच्या हातात तसेच निवत होते.

मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण चावीवाल्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने बराच वेळ डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. डोळ्यामागचा पडदा खराब झालाय, म्हणाली, चष्म्याचा उपयोग नाही. आता आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. मग कागदावर लिहिता लिहिता सहज म्हणाली, "वर्षभर आधी आणायला हवं होतं. तेव्हा इंजेक्शनं देता आली असती. दरवर्षी तपासत नाही का कुणी यांना?"

"तपासतात की," चावीवाला म्हणाला. "मीच लक्ष दिलं नाही, बाई."

बाहेर बाकावर दोघं बसले. काकांना वाटत होतं, याने आपल्याला चार शिव्या द्याव्यात. त्याने खिशातून दोन बिस्किटं काढली, एक काकांपुढे धरलं. ते काकांच्या हाताच्या जरा बाजूला धरलं गेलं होतं. काकांनी हात तिकडे नेऊन ते घेतलं.

दाखल्याची मुदत जवळ येत होती. काका रात्र रात्र कूस बदलत. पडल्या पडल्या त्यांना पाण्याचा नळ दिसे, नळाखाली धरलेली भांडी दिसत, आणि लगेच टाकीच्या आवारातल्या दोन खोल्या दिसत. शेवटी ते नगरसेवकाच्या दारात गेले. आजवर तिथे ते भांडायलाच गेले होते. त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसले.

"या या, काका! आज काय सूचना?"

"सूचना नाही. विनंती आहे."

नगरसेवकाने शेजारच्याला बाहेर जायची खूण केली. काकांनी सगळं सांगितलं. नियमात तरतूद आहे, म्हणाले. कामावर असताना अपंगत्व आलं तर हलकं काम द्यायचं. कचेरीत बसवा, फाटकावर बसवा, पण नोकरी राहू दे, घर राहू दे.

नगरसेवक मन लावून ऐकत होता. त्याचं हे कसब होतं. समोरच्याला वाटावं की आपल्या आधी जगात कुणी बोललंच नाही. "काका," तो म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस आयुष्यात एकदा मागायला येतो, त्याला नाही कसं म्हणू? तुम्ही तुमचा दाखला खरा तोच द्या. अयोग्य तर अयोग्य. मी त्याला फाटकावर बसवतो. शब्द." मग जरा थांबून, "तुमचं ते दुकानातलं... तक्ता. निवडणूक आलीय. आधी टँकर, आता दिवे म्हणे. तेवढं राहू द्या ना बाजूला. डोळे तपासायला साधी अक्षरं नाही का चालत? बाकी सगळीकडे तीच असतात."

काकांना नियम ठाऊक होता. तक्त्यावरच्या अक्षरांना अर्थ असता कामा नये. ते फक्त "चालतात" म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तक्ता उतरवला तेव्हा आक्का बघत होती. "दिव्यांनी काय घोडं मारलं?" तिने विचारलं. काकांनी सांगितलं. आक्काने उतरवलेला तक्ता उचलून भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "त्याच्यासाठी केलंस ते बरं केलंस. पण त्या माणसाचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ रे. जन्मभर हे तूच सगळ्यांना सांगत आलास."

"या वेळेला पाळेल."

"का? या वेळेला तू मागितलंस म्हणून?"

काकांनी 'अयोग्य' असा दाखला लिहिला, खाली सही केली आणि स्वतः नेऊन दिला.

आणि खरोखरच चावीवाल्याला टाकीच्या फाटकावर खुर्ची मिळाली. काका सुटल्यासारखे झाले. संध्याकाळी तो पुन्हा स्टुलावर येऊन बसला. गिऱ्हाईक वाचत होतं, "अ, ट, घ, म..."

"हे काय वाचतायत रे लोक?" चावीवाल्याने विचारलं. "तुझी मतं संपली का?"

"तक्त्याला वाळवी लागली."

"तुझ्या तक्त्याला? वाळवीसुद्धा वाचून मग खाईल." दुकानातले हसले. काकाही हसले. गिऱ्हाईक गेल्यावर चावीवाला म्हणाला, "पण तो चांगला होता. मला त्याच्यावर वेळ कळायची. पाण्यापासून वॉर्डापर्यंत चार-पाच जण वाचून गेले, की घरी जायची वेळ झाली."

ती खुर्ची निवडणुकीपर्यंतच होती. नगरसेवक निवडून आला आणि पुढच्याच सभेत पत्रक निघालं: पाणी सोडण्याचं आणि टाकीचं काम ठेकेदाराकडे जाणार. ठेकेदार म्हणजे त्याचा पुतण्या. फाटकावरची जागा रद्द. सरकारी घर ठेकेदाराच्या माणसांना.

सभागृह भरलेलं होतं. काका मागच्या रांगेत उठले. रुमाल काढला, पण चष्मा न पुसताच तो मुठीत धरला. "माझी एक..." ते म्हणाले आणि थांबले. "तुम्ही शब्द दिला होता. हलकं काम. त्या माणसाने पहाटे उठून उभ्या जन्मात..."

"काका, बसा, बसा," नगरसेवक हसून म्हणाला. आवाजात इतका मान होता की लोक वळून बघायला लागले. "तुमच्यामुळेच तर हे करता आलं. मंडळी, मी आज सगळ्यांसमोर सांगतो. टाकीवरचा माणूस डोळ्यांनी अधू आहे हे कुणी उघड केलं? खात्याने नाही. अधिकाऱ्यांनी नाही. या गृहस्थांनी! स्वतःचा जिवाभावाचा मित्र, पण दाखल्यावर लिहिलं, अयोग्य. आपल्या मुलाबाळांच्या पाण्यापेक्षा मैत्री मोठी मानली नाही. हे काय म्हणत आलेत? माणूस कोण आहे ते बघू नका, नियम काय आहे ते बघा. म्हणून म्हणतो, अशी माणसांवर अवलंबून राहणारी पद्धतच नको. जबाबदार ठेका पाहिजे. टाळ्या होऊ द्या काकांसाठी."

आणि टाळ्या झाल्या. काकांना सभेत पहिल्यांदाच टाळ्या मिळत होत्या. शेजारच्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलीला वळवून दाखवलं, ते बघ, ते. काका हात हलवून नाही नाही म्हणत होते. लोकांना तो विनय वाटला.

चावीवाला सभेला नव्हता. पण भरल्या सभागृहात वाजलेली टाळी त्याच्या घरापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवसापासून स्टूल रिकामं राहिलं. आक्का संध्याकाळी तीन कप चहा करायची आणि एक परत पातेल्यात ओतायची. ती टोमणा मारील तर बरं, असं काकांना झालं होतं.

काकांनी अर्ज केले. वरच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "तुमच्याच सहीचा कागद लावलाय वर. आता तुम्हीच कसे उलट म्हणता?" काका म्हणाले, कागद खराच आहे, पण त्याच्यावरून जे केलं ते खोटं आहे. कारकून म्हणाला, "असं कुठे लिहून देता येत नाही, काका."

चावीवाल्याने घर सोडायच्या दिवशी काका सकाळीच टाकीवर गेले. आवारात एक टेम्पो उभा होता. दोन हमाल आतबाहेर करत होते. घरातलं सामान उन्हात आलं की किती थोडं दिसतं! एक कपाट, गाद्यांची वळकटी, दोन पत्र्याच्या पेट्या, घडवंची, आणि जुन्या चादरीत बांधलेली भांडी. वहिनी दारात उभ्या होत्या.

"आत आहेत," त्या म्हणाल्या. मग नजर खाली करून, "पण म्हणालेत, भाऊजी आले तर नाही म्हणून सांग."

काकांनी मान हलवली. "कुठे, मुलीकडे?"

"हो. जावई चांगला आहे." हमालाला वाट द्यायला त्या जरा बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "मी आजारी पडले नसते हो, भाऊजी."

एका हमालाला कपाटाचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते काकांनी धरलं. मग पेट्या, मग भांडी. कुणी काही विचारलं नाही. ठेकेदाराचा एक माणूस मोटरसायकलवरून आला आणि दारातूनच ओरडला, "चावी द्या!" चावीवाला आतून आला. तो फाटकावर गेला तरी त्याच्याच घरात ठेवली जाणारी लांब लोखंडी चावी त्याने दोन्ही हातांनी आडवी धरली होती, आवाजाच्या दिशेने चालत तो पुढे आला आणि ती देताना म्हणाला, "तिसऱ्या गल्लीचं चाक उलटं फिरतं. जोर लावू नका, नाहीतर मोडेल." तो माणूस "हो हो" म्हणाला आणि चावी मागे बांधून निघून गेला.

सामान भरून झालं. वहिनी पुढे ड्रायव्हरजवळ बसणार होत्या. पुढे दोघांची जागा नव्हती, म्हणून चावीवाला मागे सामानात बसायचं म्हणाला. फळी उंच होती. त्याने हाताने चाचपून कडा धरली, पाय उचलला, पण पायाला ठाव लागेना. हमाल बिडी पेटवायला बाजूला गेले होते. काका पुढे झाले. एका हाताने त्यांनी त्याचं कोपर धरलं आणि दुसरा हात पुढे केला.

चावीवाल्याने तो घट्ट धरला आणि वर चढला.

"आभारी आहे, दादा," तो म्हणाला.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द काढला असता तर आवाज ओळखला गेला असता, आणि मग कदाचित हा हात झिडकारला गेला असता. चावीवाला पेटीवर नीट बसेपर्यंत त्यांनी हात तसाच ठेवला. त्यानेही लगेच सोडला नाही. त्याचे डोळे काकांच्या बाजूला, कुठेतरी खांद्यापलीकडे होते. तो तसाच बघायचा हल्ली, कुणाकडेही.

पुढच्या खिडकीतून वहिनींनी मागे वळून बघितलं. ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू घ्या हं, मागे माणूस बसलाय."

टेम्पो फाटकातून बाहेर पडला, वळणावर जरा कलंडला आणि दिसेनासा झाला. चावीवाल्याने हात ओळखला होता की नाही, ते काकांना पुढे कधीच कळलं नाही. आक्काने त्या दिवशी विचारलं, "बोलला का तुझ्याशी?"

"बोलला," काका म्हणाले.

"काय म्हणाला?"

काकांनी चाकावरचं पाणी चालू केलं आणि एक काच घासायला घेतली. आक्का उत्तराची वाट बघत पडद्यापाशी थांबली होती.